पानातल्या प्रथिनांकडून रुग्णाच्या रक्ताकडे

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

‘पीएच.डी. आणि त्यानंतरचा पोस्टडॉक मिळून माझी आठ-नऊ वर्षं वनस्पतींच्या प्रोटिऑमिक्समध्ये, म्हणजे पेशीतली सगळी प्रथिनं एकत्र मोजण्याच्या शास्त्रात, गेली. पाणी तोडल्यावर कडधान्याच्या मुळांत आणि पानांत कोणती प्रथिनं वाढतात, कोणती घटतात, कोणावर फॉस्फेट, म्हणजे प्रथिनाचं काम बदलणारी छोटी रासायनिक खूण, चढतो हे मी मोजत आले. आता मूत्रपिंडाच्या आजारावर काम करणाऱ्या एका मोठ्या गटाने मला बोलावलंय. त्यांच्याकडे रुग्णांचे नमुने आहेत, नवा मास स्पेक्ट्रोमीटर (रेणूंचं वजन मोजून प्रथिनं ओळखणारं यंत्र) आहे, पण तो जाणणारं माणूस नाही. माझे गाईड नाराज आहेत. “एक ना धड भाराभर चिंध्या होतील,” असं त्यांनी तोंडावर सांगितलं. भीती मलाही वाटतेच. आजवरचं काम वाया जाईल का? तिथे मी फक्त मशीन चालवणारी ठरेन का? आणि काही वर्षांनी वनस्पतींकडे परत यावंसं वाटलं, तर दार उघडं असेल का?’

नमस्कार,

माझं मत आधी सांगते, कारणं पुढे येतीलच: जा. मात्र त्या गटाला होकार कळवण्याआधी एक काम करा. पत्रात तुम्ही स्वतःची ओळख वनस्पतींच्या प्रोटिऑमिक्समधली संशोधक अशी करून दिली आहे. त्यात नमुना कशाचा ते कळतं, पद्धत कोणती ते कळतं. तुम्हाला नेमकं काय जाणून घ्यायचंय ते कळत नाही. तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहून काढा. हा प्रश्न हाताशी असेल तर तुमच्या तिन्ही शंकांची उत्तरं एका दिशेने जातात, नसेल तर दुसऱ्या.

तुमच्या पत्रावरून मी तो असा मांडेन: पाण्याचा ताण आला की पेशी आपल्या प्रथिनांत काय बदल करते? हा प्रश्न मुळातल्या पेशीचा आहे आणि मूत्रपिंडातल्या पेशीचाही. मूत्रपिंडाच्या आतल्या भागात, मेड्युलात, क्षार आणि युरिया इतके दाटलेले असतात की शरीरातल्या बहुतेक पेशी तिथे टिकणार नाहीत. तिथल्या पेशी सॉर्बिटॉल, इनोसिटॉल, बिटेन असे छोटे रेणू साठवतात आणि आकसून जाण्यापासून स्वतःला वाचवतात. ग्लायसिन बिटेन तुम्हाला चांगलंच ओळखीचं असेल. कोरड्या आणि खारट जमिनीत कित्येक वनस्पती तेच साठवतात.

पाणी आत-बाहेर नेणाऱ्या प्रथिनांची गोष्ट तर याहून जवळची आहे. १९९२ साली पीटर ॲग्रे यांच्या गटाने तांबड्या रक्तपेशींच्या आवरणातलं एक प्रथिन बेडकाच्या अंडपेशींत तयार करवलं आणि त्या अंडपेशी पातळ द्रावणात सोडल्या. त्या फुगल्या आणि फुटल्या. पाण्याला पेशीत शिरायला प्रथिनांची स्वतंत्र वाट असते हे त्यातून सिद्ध झालं, आणि त्यासाठी २००३ साली ॲग्रे यांना रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. हेच प्रथिन मूत्रपिंडाच्या नलिकांत भरपूर असतं. पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, वनस्पतीच्या रिक्तिकेच्या (पेशीतल्या पाणी साठवणाऱ्या पिशवीच्या) आवरणातलं एक प्रथिन त्याच पद्धतीने अंडपेशींत तपासलं गेलं आणि तीही पाण्याची वाट निघाली. तेव्हापासून पाण्याच्या या वाटांचं, म्हणजे ॲक्वापोरिन प्रथिनांचं, संशोधन दोन्हीकडे समांतर चालू आहे. मूत्रपिंडात व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक पोचलं की ॲक्वापोरिन-२ वर फॉस्फेट चढतो, ते प्रथिन पेशीच्या आतून आवरणावर येतं आणि शरीर पाणी परत शोषून घेतं. पालकाच्या पानात पाण्याचा ताण वाढला की ॲक्वापोरिनवरचा फॉस्फेट उतरतो आणि वाट बंद होते. फॉस्फेट कुठे चढला, कुठे उतरला आणि किती, हे मोजण्यात तुमची इतकी वर्षं गेली आहेत. त्या गटाला कदाचित याची कल्पनाही नसेल. ती तुम्ही द्यायला हवी.

वनस्पतीत सापडलेली गोष्ट आजाराच्या संशोधनात मोलाची ठरण्याची उदाहरणं आणखीही आहेत. मला त्यातलं ऑक्सिनचं उदाहरण सर्वांत मोठं वाटतं. २००५ मध्ये कळलं की या वनस्पती-संप्रेरकाचा ग्राही (त्याला ओळखून धरणारं प्रथिन) टीआयआर१ हा प्रथिनांवर युबिक्विटिनची खूण करून त्यांना मोडीत पाठवणाऱ्या यंत्रणेचाच एक भाग आहे. २००७ मध्ये त्याची रचना उलगडली. ऑक्सिनचा छोटा रेणू दोन प्रथिनांच्या मधल्या खाचेत बसून त्यांना एकमेकांशी चिकटवतो, आणि चिकटलेलं प्रथिन नष्ट होतं. पुढे २०१० मध्ये थॅलिडोमाइड हे औषध माणसातल्या अशाच यंत्रणेचा भाग असलेल्या सेरेब्लॉन या प्रथिनाला धरतं हे दिसलं. २०१४ मध्ये त्याच कुळातलं औषध लेनालिडोमाइड मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींत नेमकी कोणती प्रथिनं अशी मोडीत पाठवतं तेही कळलं. आज औषधनिर्मितीत अशा ‘चिकटवणाऱ्या’ रेणूंचा शोध जोरात सुरू आहे. निसर्ग ही युक्ती वापरतो हे मात्र एका संप्रेरकाला झाड कसं ओळखतं हे विचारणाऱ्यांनी दाखवून दिलं होतं.

आता तुमची पहिली शंका, काम वाया जाण्याची.

पानाचा अर्क काढला की सगळीकडे रुबिस्को, म्हणजे प्रकाशसंश्लेषणात हवेतला कार्बन पकडणारं प्रथिन. बऱ्याच पिकांच्या पानांत विद्राव्य प्रथिनांचा जवळजवळ निम्मा भाग या एकट्याचा असतो. मास स्पेक्ट्रोमीटर कोणत्याही क्षणी मोजकेच पेप्टाइड, म्हणजे प्रथिनांचे तुकडे, निवडून फोडू शकतो. त्याचा वेळ रुबिस्कोचे तुकडे खातात आणि जी प्रथिनं तुम्हाला हवी असतात ती झाकली जातात. रक्तात रुबिस्कोच्या जागी अल्ब्युमिन आहे. निरोगी माणसाच्या रक्तरसात ते दर मिलिलिटरला ३५ ते ५० मिलिग्रॅम असतं, तर इंटरल्युकिन-६ हे दाहाचा निरोप देणारं प्रथिन काही पिकोग्रॅम. या दोघांच्या प्रमाणात साधारण हजार कोटी पटींचं अंतर आहे. पानात तुम्हाला कधीही लागलं नसेल एवढं हे अंतर, पण अडचण त्याच जातीची. एका प्रथिनाचा बोजा उतरवताना त्याला चिकटलेली कामाची प्रथिनंही निघून जातात, हे तुम्ही रुबिस्को हटवताना पाहिलं असेलच.

मूत्राचा नमुना याहून फसवा आहे, आणि तुमचा बराचसा वेळ त्यातच जाणार आहे. निरोगी माणसाच्या मूत्रात सर्वांत जास्त असतं युरोमोड्युलिन. ते लांब तंतूंचं जाळं बनवतं आणि इतर प्रथिनांना त्यात अडकवून ठेवतं. मूत्रपिंडाच्या अनेक आजारांत गाळणी खराब झाली की अल्ब्युमिन गळू लागतं. म्हणजे निरोगी आणि आजारी नमुन्यात झाकणारं प्रथिनच बदलतं. एखादं दुर्मीळ प्रथिन आजारात ‘घटलं’ असं आलेखात दिसेल, पण ते खरोखर घटलं की अल्ब्युमिनच्या गर्दीत मशीनला दिसलं नाही, हे वेगळं तपासावं लागतं. हिरवं पान आणि पाण्याविना पिवळं पडलेलं पान शेजारी ठेवून तुम्ही हेच तपासलंय, कारण पिवळ्या पानात रुबिस्को मोडत गेलेलं असतं. नव्या गटातल्या डॉक्टरांना ही शंका आपणहून येईलच असं नाही. तुम्हाला येईल.

काही कौशल्यं मागे राहतील. फिनॉल आणि पॉलिसॅकराइडशी झगडून मुळांतून स्वच्छ प्रथिन काढण्याच्या तुमच्या युक्त्या तिथे तशाच लागणार नाहीत. काही पद्धती नव्याने हाती येतील. सिलॅक ही जड अमिनो आम्लं खाऊ घालून प्रथिनांवर खूण करण्याची पद्धत २००२ पासून मानवी पेशींवर सर्रास वापरली जाते. वनस्पती आपली अमिनो आम्लं आपणच बनवते, म्हणून तुमच्याकडे ती नीट चालत नव्हती आणि जड नायट्रोजनचे क्षार द्यावे लागत. शोधासाठीचा प्रथिनांचा माहितीसंचही मानवाचा कितीतरी नेटका आहे. हे सगळं वर्षभरात अंगवळणी पडतं. त्यावर जास्त विचार करत बसू नका.

मला तुमच्यासाठी काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची.

तुमची रोपं एकाच वाणाची होती, एकाच दिवशी पेरलेली, एकाच प्रकाशात वाढलेली, एकाच वेळी कापलेली. पाणी सोडलं तर त्यांच्यात फरक नव्हता. म्हणून तीन-चार जैविक पुनरावृत्तींवर, म्हणजे तीन-चार वेगळ्या रोपांच्या नमुन्यांवर, निष्कर्ष काढता आला. माणसं अशी मिळत नाहीत. वय, लिंग, औषधं, जेवणाची वेळ, सोबतचा मधुमेह, सोबतचा रक्तदाब, सगळं वेगवेगळं. त्यात रक्त काढल्यापासून ते सेंट्रिफ्यूजमध्ये जाईपर्यंत किती वेळ गेला, तांबड्या पेशी फुटल्या का, नमुना किती वेळा गोठवून वितळवला, यानेही प्रथिनांची यादी बदलते. आजारी माणसांचे नमुने एका रुग्णालयातून आणि निरोगी माणसांचे दुसरीकडून आले, तर तुम्ही आजार मोजताय की रुग्णालय, हे कोणत्याही सॉफ्टवेअरला नंतर सांगता येत नाही.

असं घडलेलं आहे, आणि या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने ते तपशिलात वाचावं असं मला मनापासून वाटतं. २००२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये बीजांडकोशाच्या कर्करोगावर एक पेपर आला. रक्तरसातल्या प्रथिनांच्या मास स्पेक्ट्रममधल्या नक्षीवरून कर्करोग ओळखता येतो, असा त्याचा दावा होता. चाचणीसाठी बाजूला ठेवलेल्या नमुन्यांपैकी कर्करोगाचे ५० पैकी ५० ओळखले गेले, आणि कर्करोग नसलेल्या ६६ पैकी ६३ बरोबर वेगळे निघाले. आशा प्रचंड वाढल्या. त्या गटाने आपला डेटा खुला ठेवला होता, म्हणून कीथ बॅगर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो पुन्हा तपासता आला. २००४ मध्ये त्यांनी दाखवलं की एका संचात सापडलेली नक्षी दुसऱ्या संचात चालत नाही. शिवाय स्पेक्ट्रमच्या ज्या भागात नुसता गोंगाट असतो, प्रथिनांचा खरा संकेत नसतोच, त्या भागावरूनही आजारी आणि निरोगी नमुने वेगळे पडत होते. याचा अर्थ, फरकाचा काही भाग तरी नमुने हाताळण्याच्या आणि मशीनवर चढवण्याच्या पद्धतीतून आलेला होता.

त्याच पेपरमधल्या आकड्यांत आणखी एक अडचण आहे, आणि वनस्पतींवर काम करताना ती कधी समोर येत नाही. समजा एखादा आजार २,५०० जणांत एकाला आहे आणि चाचणी निरोगी माणसाला ९५ टक्के वेळा निरोगी ठरवते. ती सगळ्यांना दिली तर एका खऱ्या रुग्णामागे सुमारे १२५ निरोगी माणसांना तुम्हाला आजार असू शकतो असं सांगितलं जाईल. त्यांच्या पुढच्या तपासण्या होतील, कदाचित शस्त्रक्रियाही. कडधान्याच्या पेपरमध्ये चुकीचं प्रथिन यादीत आलं तर दुसरं कोणी ते दुरुस्त करतं. इथे मधल्या काळात माणसं भोगतात. हा भार समजून घेऊनच जा.

सावकाश केलेलं काम कसं दिसतं तेही तुमच्याच नव्या विषयात पाहायला मिळेल. मूत्रातल्या २७३ पेप्टाइडांवर आधारलेला, सीकेडी२७३ नावाचा एक वर्गीकारक (नमुने आजारी की निरोगी अशा गटांत वाटणारं सूत्र) २०१० मध्ये मांडला गेला. त्यातले बरेच पेप्टाइड कोलॅजेनचे तुकडे आहेत. पुढे तो मधुमेह असलेल्या, पण मूत्रात अल्ब्युमिन अजून न वाढलेल्या लोकांवर वर्षानुवर्षं पाठपुरावा करून तपासला गेला. २०२० मध्ये निकाल आला. कोणाला धोका जास्त आहे हे वर्गीकारकाने ओळखलं, पण त्या लोकांना स्पायरोनोलॅक्टोन हे औषध दिल्याने तो धोका कमी झाला नाही. निकाल अर्धा चांगला, अर्धा निराशेचा, आणि दोन्ही अर्धे स्वच्छपणे छापले गेले. मला तो अभ्यास फार मोलाचा वाटतो.

दुसरी शंका, मशीन चालवणारी ठरण्याची. ही भीती निराधार नाही. ज्या गटाला हाताळणारं माणूस हवं आहे, तो तुम्हाला आधी त्याच नजरेने पाहील. म्हणून बोलणी करताना पगाराआधी हे विचारा: नमुने कसे आणि कोणाकडून गोळा करायचे हे ठरवणाऱ्या बैठकीत मी असेन का? आधीच गोळा झालेल्या नमुन्यांची हाताळणी कशी झाली याच्या नोंदी मला पाहायला मिळतील का? मशीनच्या वेळेचा ठरावीक भाग माझ्या स्वतःच्या प्रश्नासाठी राखून ठेवाल का? संख्याशास्त्रज्ञ गटात आहे की पेपर लिहायच्या वेळी शोधायचा? पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं, तर माझा सल्ला बदलतो. मग जाऊ नका. इतर कोणी गोळा केलेल्या, इतर कोणी ठरवलेल्या नळ्यांतून यादी काढून देणं हे तुमच्या पुढच्या वर्षांचं काम होता कामा नये. गेलात तर सुरुवातीचे काही महिने डॉक्टरांसोबत बाह्यरुग्ण विभागात बसा, बायोप्सीची काच सूक्ष्मदर्शकाखाली बघायला शिका. रोपाकडे पाहून त्याला पाणी कमी पडलंय हे तुम्हाला कोणत्याही मशीनशिवाय कळतं. रुग्णाबद्दलची तशी जाण यायला वेळ द्यावाच लागतो.

तुमच्या गाईडचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. चिंध्या होतात हे खरं आहे, आणि त्या कशाने होतात हेही दिसलेलं आहे. २००८ मध्ये एका गटाने द्विमितीय जेलवर (प्रथिनं विद्युतभार आणि आकारानुसार पसरवून वेगळी करण्याच्या पद्धतीने) केलेल्या प्रोटिऑमिक्सच्या अनेक पेपरमधल्या याद्या एकत्र ठेवल्या. ऊती वेगळ्या, आजार वेगळे, प्रयोग वेगळे, तरी हीट शॉक प्रथिनं, इनोलेज, पेरॉक्सिरेडॉक्सिन अशी तीच तीच नावं पुन्हा पुन्हा येत होती. ही प्रथिनं मुबलक असतात, कोणत्याही ताणाने हलतात आणि जेलवर सहज दिसतात. वनस्पतींच्या याद्यांतही त्यांचेच भाऊबंद भेटतात. आज कडधान्याची यादी, उद्या मूत्रपिंडाची, परवा आणखी कशाची, असं केलं तर गाईड म्हणतात तेच होईल. पण हे एकाच पिकावर आयुष्यभर राहूनही होऊ शकतं. तुमच्या स्वतःच्या जुन्या याद्यांतून ही नेहमीची नावं खोडा आणि खाली काय उरतं ते पाहा. नव्या गटात गेल्यावर पहिला प्रयोग उरलेल्यांपैकी एखाद्यावर करा. गाईडना पुढच्या भेटीत हे सांगता आलं तर त्यांचा सूर बदलेल असं मला वाटतं. त्यांची नाराजी मला तुमच्याबद्दलच्या काळजीतून आलेली दिसते.

राहता राहिलं परतीचं दार. ते उघडं असतं, आणि दोन्हीकडे ये-जा करणारे लोक आहेत. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातल्या बर्नहार्ड कुस्टर यांच्या गटाने २०१४ मध्ये मानवी प्रोटिओमचा आराखडा ‘नेचर’मध्ये मांडला आणि २०२० मध्ये अरेबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या छोट्या रोपाचा. दोन्ही वेळा १८,००० हून अधिक जनुकांची प्रथिनं नोंदली गेली. कर्करोगाची औषधं पेशीत कशाला चिकटतात यावर काम करणाऱ्या गटाला झाडाच्या ३० ऊतींचा नकाशा काढावासा वाटला, आणि वनस्पती-संशोधक आज तो रोज वापरतात. दोन्ही क्षेत्रांच्या सीमेवर तर स्वतंत्र प्रश्नच उभे आहेत. १९८९ मध्ये बर्च झाडाच्या परागातल्या मुख्य ॲलर्जी-प्रथिनाचं जनुक वाचलं गेलं तेव्हा ते वाटाण्याच्या रोगप्रतिकाराशी संबंधित जनुकाशी खूपच जुळलं. झाड रोगाशी लढताना जे प्रथिन वाढवतं, त्याच कुळातल्या प्रथिनाने माणसाला ॲलर्जी होते. पाण्याच्या ताणाखाली वाढलेल्या कडधान्यात ॲलर्जी-प्रथिनं किती बदलतात, हे विचारायला वनस्पतीही कळावी लागते आणि रुग्णही. पाच वर्षांनी तुम्हाला दोन्ही कळत असेल.

परत यायचं असेल तर निघतानाची कामं मात्र आत्ताच करा. अर्धा राहिलेला पेपर पूर्ण करा. नव्या ठिकाणी गेल्यावर तो होत नाही. एखाद्या जुन्या सहकाऱ्याबरोबर एक छोटं वनस्पतीचं काम चालू ठेवा, तुमचा वाटा फक्त डेटा वाचण्याचा असला तरी चालेल. आणि तुमच्या सगळ्या प्रयोगांच्या मूळ फायली प्राइड या प्रोटिऑमिक्स डेटाच्या खुल्या भांडारात जमा करा. नुसत्या फायली नकोत. कोणतं पान, रोपाचं वय, कापणीची वेळ, मशीनवर नमुने कोणत्या क्रमाने चढवले, हेही सोबत लिहा. बॅगर्लींना जे तपासता आलं ते खुल्या डेटामुळेच, आणि तुमच्या कामाच्या वाट्याला तसा कसून वाचणारा कोणी आला तर त्याचं स्वागत करा. जमा केल्यावर पीएक्सडी या अक्षरांनी सुरू होणारा एक क्रमांक मिळेल. गाईडना निर्णय सांगायला जाल तेव्हा तो क्रमांक त्यांच्या हाती द्या, म्हणजे प्रयोगशाळेतल्या पुढच्या विद्यार्थ्याला तुमचं काम जिथे थांबलं तिथून उचलता येईल.